नाशिकमधून लष्करी वैमानिक व्हायचंय? तयारी या क्रमाने करा

उपनगर, जेलरोड भागातल्या मुलांना डोक्यावरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरचं नवल नसतं. गांधीनगरच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये लष्कराचे वैमानिक तयार होतात. तिकडे ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीने १९६०च्या दशकापासून मिग-२१ ही लढाऊ विमानं बांधली, पुढे सुखोई-३० बांधली, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये तिथेच तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाची नवी उत्पादन साखळी सुरू झाली. एवढं सगळं दाराशी असताना इथली हुशार मुलं चुकीच्या क्रमाने तयारी करतात, याची मला मनापासून खंत वाटते. आधी लेखी परीक्षेचा क्लास, मग एसएसबी म्हणजे अधिकारी निवडीची मुलाखत आणि सर्वांत शेवटी वैद्यकीय तपासणी. दोन-तीन वर्षं घासल्यावर कळतं की डोळ्यांमुळे उड्डाण शाखा पहिल्या दिवसापासूनच बंद होती. म्हणून जे पुढे बदलता येत नाही, ते आधी तपासा.

पहिलं काम: डोळे आणि मापं

दहावीतच नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि ‘हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी तपासणी हवी’ असं स्पष्ट सांगा. हवाई दलात वैमानिकाला मायनस नंबर चालत नाही. एका डोळ्याची दृष्टी ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते, आणि ती ६/९ची दृष्टी चष्म्याने ६/६ व्हायला हवी, तेही फक्त प्लस नंबर असेल तरच चालतं. रंगदृष्टी सर्वोच्च दर्जाची हवी. ठिपक्यांतून आकडे ओळखायची ती चाचणी काही मिनिटांत होते आणि तिचा निकाल आयुष्यभर बदलत नाही. लेझर शस्त्रक्रियेचे नियम प्रवेशाच्या प्रकारानुसार वेगळे असतात. त्या वर्षीची भरतीची अधिसूचना वाचल्याशिवाय डोळ्यांना हात लावू देऊ नका.

उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते. त्याशिवाय बसल्यावरची उंची, पायांची लांबी आणि मांडीची लांबीही मोजतात, कारण कॉकपिटमध्ये पाय पेडलपर्यंत पोचले पाहिजेत आणि संकटात आसनासह विमानाबाहेर फेकलं जाताना गुडघे कशावर आदळता कामा नयेत. भिंतीला पाठ टेकून सपाट स्टुलावर बसा आणि घरीच मापं घेऊन अधिसूचनेतल्या तक्त्याशी ताडून पाहा.

अकरावीला गणित सोडू नका

‘बायो घेऊ, गणित जड जातं’ या एका निर्णयाने दार लागतं. एनडीएतून म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात जायला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. पदवीनंतर एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून उड्डाण शाखेत जायलाही बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र विचारलं जातं. एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणिताचे ३००, आणि मुलाखतीचे म्हणजे एसएसबीचे आणखी ९००. एएफकॅट वर्षातून दोनदा होते. उड्डाण शाखेसाठी वय २० ते २४. या वाटेने आलेल्यांची सेवा १४ वर्षांची असते, हे घरी आधीच सांगून ठेवा.

लष्कराच्या हेलिकॉप्टरची वाट निराळी आहे. आधी लष्करात अधिकारी व्हायचं, मग एव्हिएशनसाठी नाव द्यायचं. कॅप्टन अभिलाषा बराक यांनी मे २०२२मध्ये आपल्या गांधीनगरलाच विंग्ज म्हणजे वैमानिकाचं पदचिन्ह मिळवलं आणि त्या लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. मुलींना एनडीएही २०२२पासून खुली आहे, आणि दहावीनंतर तयारी करून घेणारी मुलींची शासकीय सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था नाशिकमध्येच आहे.

एसएसबी

पाच दिवसांची ही मुलाखत पाठांतराने निघत नाही. पहिल्या दिवशी चाळणी होते आणि बरेच जण त्याच दिवशी घरी परततात. पुढे मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकार्यं, वैयक्तिक मुलाखत आणि शेवटी कॉन्फरन्स म्हणजे सगळ्या परीक्षकांसमोरची भेट. शब्दावरून वाक्य लिहायच्या चाचणीत ६० शब्द येतात, प्रत्येकाला १५ सेकंद. तेवढ्या वेळात क्लासमध्ये घोकलेलं वाक्य लिहिलंत, तर मैदानावरचं तुमचं वागणं त्याच्याशी जुळत नाही आणि तिथेच पकडले जाता.

मग तयारी कशाची करायची? खऱ्या जबाबदारीची. मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीचं नियोजन अंगावर घ्या. द्राक्षाच्या हंगामात मजूर, गाडी, पॅकिंग यांचा मेळ एकदा स्वतः घालून बघा. मुलाखतीत जिल्ह्याबद्दल हमखास विचारतात. लासलगावला कांद्याचा भाव पडला की शेतकरी काय करतो, ओझरला नेमकं काय बनतं, हे नाशिकच्या मुलाला सांगता आलंच पाहिजे. इंग्रजी साधं असलं तरी चालेल, पण अडखळून गप्प बसू नका. रोज एखादी बातमी मोठ्याने तीन मिनिटं सांगायचा सराव ठेवा.

लेखी परीक्षा उत्तीर्ण झालात की नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात चौकशी करा. महाराष्ट्रातल्या उमेदवारांना तिथे एसएसबीचं प्रशिक्षण निवास-भोजनासह मोफत मिळतं. हजारो रुपये खर्चण्याआधी हे दार ठोठावा.

सीपीएसएस: आयुष्यात एकदाच

ही वैमानिकाच्या कौशल्याची संगणकीय चाचणी. यात नापास झालात तर हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी पुन्हा कधीच बसता येत नाही. विमानातल्या तबकड्या वाचून विमान कोणत्या स्थितीत आहे हे ओळखायचं, मग हाताने दांडा आणि पायाने पेडल सांभाळत दिवे आणि आवाजांना प्रतिसाद द्यायचा. उंचीमापक, वेगमापक, होकायंत्र, कृत्रिम क्षितिज या उपकरणांची आधी नीट ओळख करून घ्या. सूचना पूर्ण ऐका, शंका तिथेच विचारा, आणि आदल्या रात्री झोप मोडू नका.

शरीर आणि रोजचं जगणं

एनडीएत दाखल होण्याआधी २.४ किलोमीटर धावणं १५ मिनिटांत, प्रत्येकी २० जोर आणि सिट-अप्स आणि ८ चिन-अप्स जमले पाहिजेत. धावायला गोदापार्क आहे, चढायला पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत. पण नुसतं धावणं पुरत नाही. लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा शरीराचं वजन कित्येक पट होतं, रक्त पायांकडे ओढलं जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि शुद्धही हरपू शकते. तेव्हा पाय आणि पोट आवळून ठरावीक लयीत श्वास घ्यावा लागतो, म्हणून या स्नायूंची ताकद आतापासून कमवा.

साधी सर्दीसुद्धा इथे गंभीर असते. नाक चोंदलेलं असताना उंचीवरून खाली येताना कानातला दाब मोकळा होत नाही, पडदा फाटू शकतो. सर्दी लपवणारा वैमानिक स्वतःला आणि सोबतच्याला धोक्यात घालतो. दुखणं सांगायची सवय घरापासूनच लागायला हवी. उड्डाणानंतर डीब्रीफमध्ये म्हणजे आढाव्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर चुका मोजल्या जातात, त्या न चिडता ऐकायलाही शिका.

घरच्यांशी बोलताना धोका झाकू नका. सतत बदल्या होतात, सणावाराला घरी येता येईलच असं नाही, हे आईला अर्ज भरायच्या आधी कळू द्या.

आणि सीपीएसएसमध्ये अडलात, तरी हवाई दलाच्या तांत्रिक आणि ग्राउंड ड्यूटी शाखा खुल्या राहतात. अर्जात शाखांचा पसंतीक्रम भरतानाच त्यांचा विचार करून ठेवा.