जुन्या हिंदी चित्रपटांतली गाडी ओळखताना या चुका टाळा

साठच्या दशकातल्या चित्रपटात फियाट दिसली की "पद्मिनी!" म्हणून मोकळे होणारे काही कमी होत नाहीत. पद्मिनी हे नाव १९७४चं. त्याआधी १९७२ पासून ती प्रेसिडेंट होती आणि १९६४ पासून ११०० डिलाइट. अंगाचा पत्रा जवळपास तोच, म्हणून फसगत होते. पन्नासच्या दशकातली 'डुक्कर फियाट' मात्र सरळ वेगळी. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, बिजागऱ्या मधल्या खांबावर. नायिका गाडीतून उतरते तो शॉट शोधा. दार बंदच असेल, तर मूठ दाराच्या पुढच्या कडेला आहे का बघा. जाळी आणि बिल्ल्यावर भिस्त ठेवू नका. ते गॅरेजात अर्ध्या तासात बदलतात, बिजागरी कोण बदलतंय?

दुसरी खोड म्हणजे मागे पत्र्याचे पंख असलेली लांब अमेरिकन गाडी दिसली की शेवरोलेची इम्पालाच म्हणणं. मागचे दिवे मोजायचे कष्ट घ्या. १९६०च्या शेवरोलेत एका बाजूला तीन गोल दिवे असतील तर इम्पाला, दोन असतील तर बेल एअर किंवा बिस्केन. १९५९ला ही युक्ती चालत नाही, कारण तेव्हा सगळ्यांनाच मांजराच्या डोळ्यासारखा एकेक दिवा. तिथे बाजूची क्रोमपट्टी आणि नाव वाचण्यावाचून इलाज नाही. शिवाय अमेरिकन 'मॉडेल वर्ष' आदल्या वर्षीच्या शरदात सुरू होतं, म्हणून १९५८च्या शेवटी १९५९ची गाडी रस्त्यावर दिसली तर दचकू नका.

लँडमास्टर (अँबेसिडरच्या आधीची गाडी) आणि अँबेसिडर यांत घोळ? मागे बघा: गोलसर पाठ लँडमास्टरची, छोटे पंख अँबेसिडरचे.

ताणलेल्या प्रिंटवरून निकाल देणं तर हमखास. ४:३ची चौकट १६:९ केली की गाडी तेहतीस टक्के रुंद होते आणि साधी अँबेसिडरही परदेशी वाटू लागते. आधी चाक बघा. अंडाकृती असेल तर चौकट दुरुस्त करा, मग बोला. एवढा धीर नसेल तर हा नाद सोडलेला बरा.

घाटातून कोसळणारी गाडी पुरावा म्हणून धरू नका; बरेचदा तिथे भंगारातली दुसरीच ढकललेली असते. स्टुडिओत बसून मागे पडद्यावर रस्ता पळवलेल्या दृश्यांतलं स्टिअरिंगही बाहेर दिसलेल्या गाडीचंच असेल असं नाही.

चार हेडलाइट असलेली अमेरिकन गाडी साधारण १९५८ किंवा नंतरची. स्टिअरिंग अचानक डावीकडे गेलं तर आधी नंबरप्लेट वाचा, अक्षरं उलटी असतील तर शॉटच आरशासारखा फिरवलेला आहे.