लो-कार्बमागचं विज्ञान आणि ते आपल्या ताटात कसं बसवायचं

मागच्या वर्षी सासूबाईंची शुगर बॉर्डरला आली, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) 6.3. डॉक्टर म्हणाले भात-पोळी कमी करा. घरी आल्यावर आईंनी भात थोडा कमी केला, पोळी बंद केली आणि दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी सुरू केली. "भाकरीत काय असतं गं, भाकरी तर पचायला हलकी." तीन महिन्यांनी रिपोर्ट जिथल्या तिथे. मग एक दिवस मी वजनाचा छोटा डिजिटल काटा ओट्यावर ठेवला आणि त्यांना म्हटलं, आई, भाकरी थापायच्या आधी पीठ जरा यावर ठेवा. 68 ग्रॅम भरलं, एका भाकरीचं. ज्वारीच्या पिठात साधारण दोन तृतीयांश कार्ब (कार्बोहायड्रेट) असतं, म्हणजे एका भाकरीत 45 ग्रॅम. आमची घडीची पोळी 30 ग्रॅम पिठाची होते, तिच्यात 20. म्हणजे दोन पोळ्या सोडून एक भाकरी खाल्ली तर कार्ब थोडं वाढलंच होतं. ज्वारीत फायबर चांगलं आहे, भाकरी वाईट अजिबात नाही, पण ती लो-कार्ब नाही आणि हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

म्हणून सांगते, डायटचा चार्ट शोधायच्या आधी आत काय घडतं ते समजून घ्या, मग चार्टची फारशी गरजच पडत नाही.

भात, पोळी, पोहे, साबुदाणा, बटाटा यांच्यातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. पोळीचा घास नुसताच बराच वेळ चावून बघा, गोडसर लागायला लागतो, कारण लाळेतच त्या साखळ्या तुटायला सुरुवात होते. पुढे आतड्यात पूर्ण तुटून ग्लुकोज रक्तात जातं. आता हा आकडा मला खूप महत्त्वाचा वाटतो: शुगर नॉर्मल असलेल्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं फक्त 5 ग्रॅमच्या आसपास. एक चहाचा चमचा. आणि दोन भाकरी, वाटीभर भात खाल्ला की तासा-दोन तासात सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज त्या एका चमच्याच्या जागेत यायला बघतं. ते साठू नये म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना सांगतं ग्लुकोज आत घ्या, लिव्हरला सांगतं तू आता साखर सोडू नकोस, आणि तिसरं काम असं की साठवलेली चरबी बाहेर पडायचं थांबवतं, कारण आता जेवण आलंय, साठा उघडायची गरज नाही. यात इन्सुलिनचा काही दोष नाही, ते नसेल तर माणूस जगत नाही. गडबड होते ती पेशी त्याचं ऐकेनाशा झाल्या की. मग तेवढ्याच भाकरीला जास्त इन्सुलिन लागतं, वर्षानुवर्षं स्वादुपिंड ते पुरवत राहतं आणि एके दिवशी कमी पडायला लागतं. रिपोर्टमध्ये शुगर दिसते ती तेव्हा, त्याच्या आधी कित्येक वर्षं आत हे चालू असतं. रात्री काही न खाता झोपलं तरी सकाळची शुगर जास्त येते ना, ती बरीचशी लिव्हरची असते, इन्सुलिनचं न ऐकता लिव्हर रात्रभर साखर सोडत बसतं.

आणि हे फक्त जाड माणसांचं आहे असं समजू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, अगदी सारखा. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के! आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे अशी माणसं घरोघरी आहेत, आमच्या सासूबाईच तशा, त्यामुळे "मी कुठे जाड आहे" म्हणून निवांत राहू नका, कमरेला टेप लावून बघा. आयसीएमआरच्या इंडियाब सर्व्हेत भारतात 10 कोटी 10 लाख लोकांना डायबेटिस असल्याचं 2023 मध्ये आलं, आणि याच सर्व्हेच्या पुढच्या माहितीत आपल्या रोजच्या कॅलरीपैकी सुमारे 62 टक्के कार्बमधून येतात हेही आलंय. प्रोटीन त्यामानाने फारच थोडं.

आता कार्ब कमी केलं की काय होतं. शरीर ग्लुकोजचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं, लिव्हरमध्ये साधारण 100 ग्रॅम, स्नायूंमध्ये 400 च्या आसपास, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. तो साठा उतरला की ते पाणीही जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो आणि लोक खुश होऊन स्टेटस ठेवतात, पण ती चरबी नाही, पाणी आहे. लग्नात दोन दिवस जेवलात की परत येणार, तेव्हा घाबरूही नका. शिवाय इन्सुलिन कमी झालं की किडनी मीठही जास्त बाहेर टाकते. मी आईंच्या सोबतीला म्हणून एका फॉरवर्डमधलं कडक कीटो एकदम सुरू केलं होतं, तिसऱ्या दिवशी डोकं इतकं दुखलं आणि रात्री पोटऱ्यांत गोळे आले की मी सोडूनच देणार होते. प्रश्न मिठाचा आणि पाण्याचा होता. दिवसातून दोनदा मीठ घातलेलं ताक आणि एकदा गरम सूप प्यायला लागले आणि दोन दिवसांत ते थांबलं. बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे मीठ वाढवायचं काम मनाने करू नका.

कीटो म्हणजे साधारण दिवसाला 50 ग्रॅमच्या खाली. तेव्हा लिव्हर चरबीपासून कीटोन बनवतं आणि मेंदू त्यावरही चालतो. हा आहार मुळात 1921 मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी फिट येणाऱ्या पेशंटसाठी मांडला, वजनासाठी नाही. आपल्यातल्या बहुतेकांना एवढं खाली जायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे. दिवसाला 130 ग्रॅमच्या आत आलात तरी त्याला लो-कार्बच म्हणतात आणि ते आपल्या स्वयंपाकात बसतं. आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळाचं जेवण म्हणजे लो-कार्ब असं बरेच जण समजतात, पण ते किती वेळा खायचं त्याबद्दल आहे, त्या दोन वेळांत ताटात किती कार्ब आहे हा प्रश्न उरतोच.

एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण याबद्दल खूप खोटं पसरलंय. कार्ब सोडलं की कॅलरी मोजायला नको, तूप-चीज कितीही खा, चरबी आपोआप जळते, हे खरं नाही. स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या टीमने 609 लोकांना वर्षभर अर्ध्यांना लो-फॅट आणि अर्ध्यांना लो-कार्बवर ठेवलं, 2018 मध्ये निकाल आला, एका गटाचं वजन सरासरी 5.3 किलो उतरलं, दुसऱ्याचं 6.0, म्हणजे फरक धरण्यासारखा नाही. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत केविन हॉल यांनी 20 लोकांना दाखल करून दोन आठवडे लो-फॅट आणि दोन आठवडे कीटो जेवण पोटभर दिलं, तर लोक लो-फॅट जेवणात रोज जवळपास 700 कॅलरी कमी खायचे! पण त्याच अभ्यासात जेवणानंतरची शुगर आणि इन्सुलिन मात्र कीटोवर कमी राहिलं. मला यातून एवढंच कळलं की वजनासाठी लो-कार्ब हा अनेक रस्त्यांपैकी एक आहे, पण जेवणानंतर चढणारी शुगर आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) यांच्यासाठी तो थेट रस्ता आहे, आणि आपल्या घरांत त्रास बहुतेक याच दोन गोष्टींचा असतो.

आता प्रत्यक्ष करायचं कसं.

आधी तीन दिवस काहीही न बदलता नुसतं लिहा. आईंचा एक दिवस सांगते. सकाळी दोन कप चहा दोन-दोन चमचे साखरेचे, 20 ग्रॅम. प्लेटभर पोहे, 45. दुपारी भाकरी, वाटीभर भात, वरण, बटाट्याची भाजी मिळून सव्वाशेच्या आसपास. संध्याकाळी चहा-बिस्किटं, 25-30. रात्री दोन भाकरी आणि थोडा भात, परत सव्वाशे. बेरीज साडेतीनशेच्या जवळ, आणि त्या दिवशी त्यांनी गोड म्हणून काही खाल्लंच नव्हतं. पीठ आणि कच्चे पोहे काट्यावर एकदाच मोजा, नंतर डोळ्यालाच कळायला लागतं.

मग कमी करायची सुरुवात चहा, बिस्किट आणि नाश्त्यापासून करा, भाकरीला शेवटी हात लावा, कारण भाकरी काढली की माणूस उपाशी राहिल्यासारखा चिडतो. आमच्याकडे आता चहा बिनसाखरेचा, नाश्त्याला दोन अंडी नाहीतर भिजवलेल्या मुगाचं छोटं धिरडं आणि दही. जेवताना भाकरी एकच, आणि ती 40 ग्रॅम पिठाची, म्हणजे 27-28 ग्रॅम कार्ब. भात रोज नाही, आणि असला तर भाकरीऐवजी, तिच्यासोबत नाही. भाकरीची जी जागा रिकामी होते तिथे काहीतरी आलंच पाहिजे नाहीतर चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जाणारच. भाजी दुप्पट, म्हणजे खरंच दुप्पट, दुधी, दोडका, फ्लॉवर, मेथी, शेपू, वांगी, जे असेल ते, पण बटाटा न घालता. आणि प्रोटीन. इथे बहुतेक घरं चुकतात. "आम्ही रोज वरण खातो" म्हणतात, पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ चमचा-दोन चमचेच असते हो! घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलं हे सगळं चांगलं पण त्यातही कार्ब आहे, एका माणसाच्या पिठल्यात 30 ग्रॅम बेसन धरलं तर 17 ग्रॅम, ते मोजायचं. कार्ब जवळपास नसलेलं प्रोटीन म्हणजे अंडी, मासे, चिकन, पनीर. बांगडा खाणाऱ्यांना तर यात काहीच अवघड नाही, फक्त वर रवा किंवा तांदळाचं पीठ थापू नका. शाकाहारी असाल तर पनीर, घट्ट दही, सोया चंक्स, मूठभर शेंगदाणे यांचं गणित बसवा.

खायचा क्रमही बदला. आपण पहिला घास वरण-भाताचा घेतो, पोट रिकामं असताना सगळा भात आधी. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये डॉ. अल्पना शुक्ला यांच्या छोट्या अभ्यासात, 11च लोक होते, तेच जेवण भाजी आणि प्रोटीन आधी, कार्ब नंतर असं दिलं तर तासाभरानंतरची शुगर 37 टक्के कमी भरली. पैसे लागत नाहीत की वेगळा स्वयंपाक लागत नाही. कोशिंबीर, भाजी, उसळ आधी खा आणि भाकरी मागून. आणि जेवल्यावर शतपावली, पण खरीखुरी, 10-15 मिनिटं. स्नायू हलतात तेव्हा ते रक्तातलं ग्लुकोज इन्सुलिनवाचूनही आत ओढतात, म्हणून ज्यांचं इन्सुलिन नीट चालत नाही त्यांना याचा सगळ्यात जास्त उपयोग.

कुणी मनाने हे करू नये तेही लिहिते, कृपया वरवर वाचू नका. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि एकदम कार्ब तोडलं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर तर कडक लो-कार्ब करूच नका, शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात ॲसिड वाढून आयसीयूची वेळ येऊ शकते. बीपीच्या गोळ्यांचा डोसही बघावा लागतो. गरोदर बायका, बाळाला पाजणाऱ्या, किडनीचे पेशंट, टाइप वन वाले, यांनी डॉक्टरांशिवाय नाहीच. आणि तूप-खोबरं वाढवलंत तर काही जणांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, चांगलंच चढतं, म्हणून सुरुवातीला एक आणि तीन महिन्यांनी एक लिपिड प्रोफाइल कराच.

ग्लुकोमीटर असेल तर वापरा, जेवणाच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. आम्हाला खरा धक्का चतुर्थीला बसला. दिवसभर उपास, आणि फराळाला साबुदाण्याची खिचडी बटाटा घालून. दोन तासांनी 214. आईंनी मशीन बिघडलंय म्हणून परत बोट टोचून घेतलं, 209. कोरड्या साबुदाण्यात 100 ग्रॅमला 87 ग्रॅम कार्ब, प्रोटीन जवळजवळ शून्य, दुसरं काय होणार. भगरही फार वेगळी नाही. पण आईंचा उपास आम्ही मोडला नाही, तसं सुचवायलाही मला नको वाटलं. आता चतुर्थीला शेंगदाण्याची घट्ट आमटी, दाण्याचं कूट घातलेली काकडीची दह्यातली कोशिंबीर, भाजलेलं पनीर आणि भगर फक्त दोन मोठे चमचे, तीही शेवटी. पुढच्या चतुर्थीला दोन तासांनी 146 आली. आईंनी तो आकडा कॅलेंडरवर चंद्रोदयाच्या वेळेखाली पेनाने लिहून ठेवलाय आणि आता दर चतुर्थीला लिहितात.