जीएफएक्ससाठी लेन्स: अडॅप्टर विकत घेण्याआधी

फुजीची जीएफएक्स बॉडी, म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठ्या सेन्सरचा मीडियम फॉरमॅट कॅमेरा, हातात आहे असं धरून चालतो. आधी फोकल लेंग्थ (लेन्स किती रुंद दृश्य टिपते ते ठरवणारा मिमीतला आकडा) ठरवा. ३५ मिमी कॅमेऱ्यावर जी सवयीची, तिला ०.७९ ने भागा: ५० ची सवय असेल तर ६३, ८५ ची असेल तर साधारण ११०. ६४५ या मीडियम फॉरमॅट फिल्मच्या जमान्यातले फोकल लेंग्थचे तक्ते बाजूला ठेवा. ती फ्रेम ५६ × ४१.५ मिमीची होती, इथला सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमीचा आहे.

नवीच लेन्स घ्यायची तर फार विचार नको. भटकंतीला ५० एफ/३.५ (वजन ३३५ ग्रॅम), पोर्ट्रेटला ११० एफ/२, निसर्गचित्रांना ३२-६४ एफ/४.

खरी गोची जुन्या फुल फ्रेम (म्हणजे ३५ मिमी कॅमेऱ्याच्या) लेन्स अडॅप्टरने, म्हणजे जोडकडीने, लावण्यात आहे. ‘सगळ्या चालतात’ हा सल्ला देणाऱ्यांनी बहुतेक वेळा लेन्सचं अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडं ठेवून, दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढलेला असतो. तिथे ती चालणारच! जवळ फोकस केलं की बहुतेक जुन्या लेन्सचं प्रतिमावर्तुळ (लेन्स सेन्सरवर पाडते ती गोल प्रतिमा) मोठं होतं, आणि अॅपर्चर उघडं असताना कोपऱ्यातला अंधार इतका मऊ असतो की तो ‘कॅरेक्टर’ म्हणून खपून जातो. त्यांचे फोटो ठीक कसे येतात, हे कोडं मलाही बराच काळ सुटत नव्हतं.

फुल फ्रेमचा कर्ण ४३.३ मिमी, जीएफएक्सचा ५४.८. हा फरक लेन्स भरून काढते की नाही, हे फक्त अनंतावर कळतं. म्हणून हुड आणि फिल्टर काढा, फोकस अनंतावर न्या आणि मोकळ्या आकाशाचे दोन फोटो घ्या: एक पूर्ण उघड्या अॅपर्चरला, एक एफ/११ ला. दुसऱ्यात कोपरे कडक काळे झाले, तर वर्तुळ तिथे संपलं. सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, तिथे प्रतिमाच नाही. नुसते फिकट काळवंडले असतील तर दुरुस्त होतात.

माझ्या अनुभवात ८५ ते १३५ च्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स या चाचणीत बऱ्याचदा पास होतात. वाइड आणि झूमवर पैसे लावू नका. काळ्या कोपऱ्यांची लेन्स आधीच घरात असेल तर कॅमेऱ्याचा ३५ मिमी मोड लावा; तो सेन्सरचा फक्त मधला, फुल फ्रेमएवढा भाग वापरतो. १०२ मेगापिक्सेलच्या बॉडीवर तरीही सुमारे ६० उरतात.

कोकण-मुंबईच्या दमट हवेत वापरलेली लेन्स घेताना मागून टॉर्च मारून बुरशी बघायला विसरू नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त मिळत असली तरी परत द्या.