शिखर नको, खिंड शोधा

नाशिककडे बाइकवरून शांत माथा गाठायचा असेल तर नकाशात आधी शिखर शोधू नका, दोन डोंगरांमधली खिंड शोधा. आपल्याकडे तिला बारी म्हणतात. गाडीरस्ता बारीपर्यंत गेला की निम्मा चढ इंजिनावर होतो, उरलेलाच पायाने. वणीजवळची मुळाणबारी घ्या: एका अंगाला मार्कंड्या, दुसऱ्या अंगाला रवळ्या-जवळ्या, आणि समोर सप्तशृंगगड. तिकडे भाविकांची रांग, इकडे बहुतेकदा गुरं नि गुराखी. सोमवती अमावस्या मात्र टाळा, मार्कंड्यावर यात्रा असते.

चालायचा अगदीच कंटाळा असेल तर सापुताऱ्याच्या वाटेवरचा हातगड बरा, तिथे रस्ता बराच वर जातो. पण शनिवार-रविवारी सापुताऱ्याची गर्दी वाटेत भेटतेच, त्यामुळे मधलाच वार धरा.

पेट्रोल वणीतच भरून घ्या. बारीत स्टँडखाली चपटा दगड सरकवा, मुरमात स्टँड रुततो आणि सामानाने लादलेली गाडी हळूच कलंडते. उतरताना दुसऱ्या गिअरवर, नुसत्या ब्रेकच्या भरवशावर नाही.