नागपुरातला हॉल सजवताना: चार वाजताचं ऊन आणि कूलरचं पाणी

नागपुरात घराचा रंग नुसता शेड कार्डावर पाहून ठरवला की फसगत होतेच. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चारला येणारं ऊन पिवळट-नारिंगी असतं. त्यात क्रीम आणि पीच भडक होतात, फिकट निळा मात्र मळका राखाडी दिसू लागतो. अशा हॉलला किंचित हिरवट किंवा करडी झाक असलेला पांढरा बरा. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन फारसं येत नाही; तिथे हीच शेड उदास वाटते आणि जराशी पिवळी झाक असलेला ऑफ-व्हाइट खुलतो.

सॅम्पलचा छोटा डबा आणा, पण थेट भिंतीवर लावू नका. शेजारचा जुना रंग नजरेला चकवतो. दोन बाय दोन फुटांच्या हार्डबोर्डवर प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या. वाळला की बोर्ड वेगवेगळ्या भिंतींना टेकवून सकाळी नऊला, दुपारी चारला आणि रात्री दिवा लावून पाहा. दिव्याचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली क्रीम निस्तेज होतं, ३००० केल्विनच्या पिवळट दिव्याखाली तेच उबदार दिसतं. शिवाय चारही भिंतींना लागल्यावर रंग कार्डापेक्षा गडद भासतो, म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकट घ्या.

आतल्या फिकट रंगाने खोली थंड होते, ही मात्र भाबडी समजूत. त्याने उजेड वाढतो, डोळ्यांना बरं वाटतं, इतकंच. उष्णता अडते ती गच्चीवरच्या पांढऱ्या परावर्तक थराने, बाहेरच्या भिंतीच्या फिकट रंगाने आणि खिडकीबाहेर टांगलेल्या बांबूच्या चिकेने. आतला जाड पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो.

आता माल. १२ बाय १४ फुटांचा, १० फूट उंच हॉल धरा. घेर ५२ फूट, म्हणजे भिंती ५२० चौरस फूट. एक दार आणि दोन खिडक्या वजा केल्या की साधारण ४७० उरतात. पुट्टी केलेल्या भिंतीवर चांगलं इमल्शन (पाण्यात मिसळायचा रंग) दोन हातांत लिटरला सुमारे १२० चौरस फूट जातं, म्हणजे ४ लिटर लागेल, ५ घ्या. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून वर शेडचा कोड लिहा, पुढे डागडुजीला हाच कामी येतो. पुट्टी दोन हातांत किलोला १५ चौरस फूट धरली तर ३१ किलो होते, तेव्हा ४० किलोची एक गोणी पुरते. प्रायमर ४ ते ५ लिटर. छताचं माप वेगळं काढा.

काळ्या मातीवरच्या घरांत भिंतींना केसासारख्या भेगा पडतातच, कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. नुसती पुट्टी भरली तर वर्षभरात भेग पुन्हा डोकं वर काढते. भेग इंग्रजी व्ही आकारात थोडी उघडा, धूळ झटका, क्रॅक फिलर भरा, वर फायबर जाळीची पट्टी बसवा, मग पुट्टी. रुंद किंवा दर वर्षी वाढणारी भेग असेल तर रंगाऱ्याला नाही, इंजिनिअरला दाखवा.

पुट्टीच्या दोन हातांच्या मध्ये पाच-सहा तास जाऊ द्या, वाळल्यावर १८० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. यानंतरच प्रायमर. दसरा-दिवाळीच्या घाईत ओल्या पुट्टीवरच प्रायमर चढतो आणि पुढे पोपडे सुटतात. शंका असेल तर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर भिंतीला चिकटवून ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत ओली आहे, थांबा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उलटी अडचण: इमल्शन ब्रशखालीच सुकतं आणि दोन हात जिथे भेटतात तिथे पट्टे उमटतात. पारा ४५ ला टेकतो त्या दिवसांत पश्चिमेची भिंत सकाळीच उरका. जमलं तर काम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी यांतच काढा.

फर्निचरचा खरा वैरी कूलर. त्याची ओलसर हवा थेट ज्यावर येते ते पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) कडेने फुगतं, आणि एकदा फुगलं की परत बसत नाही. कूलरच्या झोताजवळच्या कपाटाला आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं मानक) शिक्का असलेलं प्लाय वापरा: सांगाडा १९ मिमी, मागचा पाट ६ मिमी. फळी तीन फुटांपेक्षा लांब असेल तर पुढून पट्टी द्या, नाहीतर पुस्तकांच्या वजनाने ती वाकते. बाहेरून १ मिमी लॅमिनेट लावलं तर आतूनही ०.८ मिमीचं हवंच. एकाच बाजूला लावलं तर दार धनुष्यासारखं वळतं. कापलेली प्रत्येक कड, बिजागरीची खाचसुद्धा, एज बँडने (कडेवर चिकटवायची पट्टी) किंवा सीलरने बंद करा. पाणी शिरतं तिथूनच.

सागवान घ्यायचं तर लकडगंजात, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारात, सीपी (जुन्या मध्य प्रांताचं) सागवान मागतात, पण लाकूड सीझन केलेलं, म्हणजे नीट वाळवलेलं, आहे ना ते मॉइश्चर मीटर टेकवून पाहा. १२ टक्क्यांच्या आत असेल तर बिनधास्त घ्या. ओलं लाकूड मे महिन्यात आक्रसतं आणि सांधे उघडतात.

पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावलं तर खोलीत येणारी धग थोडी अडते, मात्र भिंतीपासून दीड इंच जागा सोडा, नाहीतर पावसाळ्यात मागे बुरशी धरते. कूलरची हवा बाहेर जायची वाट, म्हणजे समोरचं दार किंवा खिडकी, कपाटाने कधीच अडवू नका. अडली तर खोली दमट होते आणि गारवाही येत नाही. सोफा आणि सेंटर टेबल यांत १६ ते १८ इंच, चालायच्या वाटेला किमान ३० इंच ठेवा. गडद रेक्झिन उन्हाळ्यात अंगाला चिकटतं; काढून धुता येणारी सुती खोळ बरी. कपाटाच्या तळाला चार इंचांचे पीव्हीसी पाय बसवा, म्हणजे फरशी पुसताना किंवा कूलरची टाकी भरताना सांडलेलं पाणी प्लायपर्यंत पोचत नाही.