लहान कॉलेजात पर्यावरण शिकताय? आधी गावातली एक विहीर धरा

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातली. बी.एस्सी. तालुक्याच्या कॉलेजातच केलं, पर्यावरणशास्त्र विषय घेऊन. वर्गात आम्ही अकरा जण, प्रयोगशाळेत दोन सूक्ष्मदर्शक आणि एक तराजू. मोठ्या शहरातल्या मैत्रिणींकडून तिथल्या सोयी ऐकत पहिलं वर्ष हळहळण्यातच गेलं. दुसऱ्या वर्षी सरांनी प्रकल्पाला ‘गावातलं भूजल’ हा विषय दिला आणि माझं सगळं शिक्षण तिथून सुरू झालं.

मांजरा नदी आमच्याच तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. तिच्यावरचं धनेगावचं धरण आटलं, तेव्हा २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. डोंगरावर पडलेला पाऊस कुठे मुरतो आणि कुठे वाहून जातो, हे शिकायला आमच्या माळापेक्षा चांगली प्रयोगशाळा मला तरी माहीत नाही. म्हणून यंदा प्रवेश घेतलेल्या मुलामुलींसाठी, मी काय आणि कसं केलं ते सांगते.

एकच विहीर निवडा आणि वर्षभर सोडू नका. मालकाला आधी विचारा. काठावर एक जागा ठरवून तिथे तेलरंगानं खूण करा, दर वेळी मोजणी तिथूनच. तीस मीटरचा पोलादी टेप घ्या, टोकाला वजन बांधा आणि खालच्या मीटरभर भागावर खडू घासा. टेप हळूच सोडायचा, वजन पाण्यात गेलं की खुणेपाशी पूर्ण आकडा येईपर्यंत थोडा आणखी सोडायचा. समजा खुणेपाशी १२ मीटर आलं. वर ओढल्यावर भिजलेला खडू गडद दिसतो आणि ओल्या-कोरड्याची रेघ स्पष्ट कळते. ती रेघ टोकापासून ४० सेंटिमीटरवर असेल, तर पाणी खुणेपासून ११.६० मीटर खाली आहे. कठडा नसलेल्या विहिरीवर एकटं जाऊ नका, कुणीतरी सोबत हवंच.

माझे पहिले तीन महिने वाया गेले. मी दुपारी कॉलेजातून आल्यावर मोजायचे आणि आकडे कसेही वरखाली व्हायचे. एक दिवस पाणी चार फूट खाली दिसलं. मी घाबरून मालकांना सांगितलं, तर काका म्हणाले, “अगं, रात्री दोनला लाईट आली, सकाळपर्यंत मोटार चालू व्हती.” मी विहिरीतलं पाणी मोजत होते, पण त्या आकड्यात जमिनीतल्या पाण्यापेक्षा मोटारीचा उपसाच जास्त होता. तेव्हापासून वहीत एक रकाना वाढवला: मोटार कधी बंद झाली. उपसा थांबून रात्र उलटली असेल तेव्हाच मोजायचं. पंधरा दिवसांनी एकदा जमलं तर उत्तम. नाहीतर ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे हे चार महिने तरी चुकवू नका. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येतात.

पावसासाठी सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा पुरतो. झाडापासून आणि भिंतीपासून लांब ठेवा, रोज सकाळी साडेआठला पट्टीनं मोजा आणि रिकामा करा. मग हिशेब करा: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. वर्षाला ७०० मिलिमीटर धरला तर एका हेक्टरवर, म्हणजे जवळपास अडीच एकरांवर, ७० लाख लिटर पडतं. हा आकडा मी वडिलांना सांगितला, तेव्हा ते बराच वेळ बांधावर बसून राहिले. आमच्या विहिरीला फेब्रुवारीत तळ दिसतो.

मातीचं काम सोपं आहे. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर टाकून खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा काही तासांत, आणि चिकणमातीला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. नदीकाठची काळी माती आणि माळावरची बरड, दोन्हींच्या बरण्या शेजारी ठेवा. थरांची जाडी पट्टीनं मोजली की पुस्तकातला धडा डोळ्यांसमोर असतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा मिळवा. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. आपल्या ओढ्याचा पाणलोट, म्हणजे ज्या भागातलं पाणी त्या ओढ्याला येतं तो भाग, पेन्सिलीनं आखा आणि मग तो पायी फिरा. सोबत गावातली म्हातारी माणसं न्या. माझ्या आजीनं बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या भरावावर माती वाहिली होती, सुकडी खाऊन. त्या भरावाखालच्या कोणत्या विहिरींना पाझर लागला आणि कोणत्या कोरड्याच राहिल्या, हे तिनं उभ्या उभ्या दाखवलं. कुठल्याच कागदावर मला ते सापडलं नव्हतं. गवतासाठी मेंढरं राखणाऱ्यांना विचारा. चांगल्या चाऱ्याचा पवना कुठे टिकलाय आणि नुसती टोचरी कुसळी कुठे उरली, यावरून चराई किती झाली ते कळतं.

परीक्षेत इंग्रजी शब्द येतात म्हणून भिऊ नका. वहीच्या डाव्या बाजूला गावचा शब्द, उजव्या बाजूला पुस्तकातला: मुरणं – इन्फिल्ट्रेशन; वाहून जाणं – रनऑफ; पाझर – परकोलेशन. अर्थ आधीच पाठ असतो, नाव तेवढं नवं.

विहिरीचा ऑक्टोबरचा आकडा मात्र नुसता वहीत ठेवू नका. मोठ्या अक्षरात लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, शेजारी गेल्या वर्षीचाही, आणि रब्बीच्या पेरणीआधी लावा. गव्हाला पाच-सहा पाण्याच्या पाळ्या लागतात, हरभऱ्याचं दोनांवर भागतं. पहिल्या वर्षी माझा कागद चार जणांनी वाचला. त्यातल्या एकानं गव्हाचं बियाणं परत करून हरभरा आणला.