वाफेच्या लाइनवरील गेज आणि ट्रान्समीटर: या चुका टाळा

१० बार गेज दाबाच्या संपृक्त वाफेचे तापमान सुमारे १८४ अंश सेल्सिअस असते, तर बहुतेक ट्रान्समीटरमधील (दाब मोजून त्याचा सिग्नल पाठवणारे उपकरण) इलेक्ट्रॉनिक्स ८५ अंशांच्या आसपासच हात टेकते. या दोहोंच्या मध्ये असते ते सायफनमध्ये (गेजच्या आधीची वळणदार नळी) किंवा इम्पल्स लाइनमध्ये (मुख्य लाइनपासून उपकरणापर्यंतची बारीक नळी) साचून थंड झालेले पाणी. त्यामुळे उपकरण जळाले की नवे मागवण्याआधी हे पाणी कुठे गेले, याचा शोध घ्यावा.

नवा सायफन कोरडाच बसवून कॉक उघडणे ही नेहमीची चूक आहे. पाणी साचेपर्यंत थेट वाफ गेजमध्ये शिरते. म्हणून सायफन आधी पाण्याने भरून मगच कॉक सावकाश उघडावा.

दुसरी चूक लॅगिंगची, म्हणजे उष्णतारोधक आवरणाची. मुख्य लाइनबरोबर सायफन आणि इम्पल्स लाइनही गुंडाळल्या, तर वाफेचे पाणी व्हायला वावच उरत नाही. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून इम्पल्स लाइन गरम ठेवतात. नागपूरच्या थंडीत ती भीती नाही. इथे काळजी मे महिन्याची, कारण पारा ४५ अंशांवर गेलेला असताना बॉयलर हाउसमधील हवा त्याहून तापलेली असते. ट्रान्समीटरवर निदान सावलीचा पत्रा तरी हवा.

सर्वांत महाग पडते ती मॅनिफोल्डवरील, म्हणजे ट्रान्समीटरला जोडलेल्या व्हॉल्व्हच्या संचावरील घाई. डीपी ट्रान्समीटरचे (दोन ठिकाणच्या दाबांतील फरकावरून प्रवाह मोजणारे उपकरण) दोन्ही आयसोलेशन व्हॉल्व्ह (एकेक इम्पल्स लाइन बंद करणारे) उघडे असताना इक्वलायझिंग व्हॉल्व्ह (दोन्ही बाजू एकमेकींना जोडणारा) उघडला, की एका बाजूचे पाणी दाबाच्या फरकाने दुसरीकडे ढकलले जाते आणि त्याच्यामागून वाफ येते. झिरो (दाबाचा फरक नसतानाचे रीडिंग) तपासताना आधी एक आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करावा, मगच इक्वलायझिंग उघडावा. ब्लोडाउन करताना (वाफेच्या झोताने इम्पल्स लाइन साफ करताना) मॅनिफोल्ड बंद ठेवावा आणि नंतर दोन्ही लाइन पुन्हा भरून निवेपर्यंत थांबावे. प्रवाहाचे रीडिंग भरकटते आहे म्हणून याच वेळी झिरो फिरवणारे महाभाग बिघाडात भरच घालतात.

डीपी ट्रान्समीटर टॅपिंगच्या (मुख्य लाइनवरील जोडणीची जागा) खाली असावा आणि दोन्ही कंडेन्सेट पॉट (वाफेचे पाणी साचवणारी भांडी) एकाच पातळीवर असावेत. गेज टॅपिंगच्या ३ मीटर खाली असेल, तर पाण्याच्या वजनाने ते सुमारे ०.३ बार जास्त दाखवेल. हा गेजचा दोष नव्हे. तेवढी वजावट करावी.

ट्यूब किती तापली हे इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहताना चकचकीत स्टेनलेस स्टीलवर नेम धरल्यास आकडा फसवा, बहुधा कमीच येतो. तिथे काळी टेप चिकटवावी आणि तिच्यावर मोजावे.